साथरोगांचा संशोधक डॉक्टर व्हायचंय? गोव्यातून सुरुवात अशी करा

रुग्णही तपासायचा आणि साथ कुठून आली, कशी थांबेल याचा शास्त्रशुद्ध शोधही घ्यायचा, अशी दोन्ही कामं करणारे डॉक्टर गोव्याला हवे आहेत. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा बाहेर कुठं एमबीबीएस करणाऱ्या, इंटर्नशिपमध्ये असलेल्या आणि मेडिकल ऑफिसर म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. अमुक परीक्षा द्या, तमुक फॉर्म भरा एवढं सांगून भागणार नाही, कारण आपल्याकडे ही वाट कुणी आखून ठेवलेली नाही. ती आपली आपण जुळवावी लागते. म्हणून क्रमानं सांगतो, पण जिथं खरं शिक्षण होतं तिथं जरा जास्त थांबतो.

आधी वाट बघून घ्या

अमेरिकेत 1964 पासून डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करायचा सरकारी अनुदानाचा कार्यक्रम आहे. सात-आठ वर्षांत विद्यार्थी दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडतो. आपल्याकडे साडेचार वर्षांचं एमबीबीएस, वर्षाची इंटर्नशिप, नीट-पीजी, तीन वर्षांचं एमडी आणि त्यानंतर पीएचडी किंवा फेलोशिप, असे तुकडे एकाला एक जोडावे लागतात.

एमडी कशात करायचं, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. कम्युनिटी मेडिसिन, मायक्रोबायोलॉजी आणि जनरल मेडिसिन या तिन्ही दारांनी आत येता येतं. वॉर्डातला रुग्णच ज्याला खुणावतो त्यानं मेडिसिन करावं. पुढं दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी संसर्गजन्य आजारांतलं डीएम, म्हणजे एमडीच्या वरची पदवीही घेता येते. जंतू आणि चाचण्या यांत रमणाऱ्यानं मायक्रोबायोलॉजी घ्यावं. गावं, घरं, आकडे आणि कार्यक्रम यांत ज्याचा जीव रमतो त्याच्यासाठी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे आपण ज्याला पीएसएम म्हणतो ते. माझं मत विचाराल तर विषयापेक्षा एक पथ्य महत्त्वाचं आहे. पीएसएमवाल्यानं ओपीडी सोडायची नाही आणि मेडिसिनवाल्यानं संख्याशास्त्र टाळायचं नाही. अर्ध्या कामाचे डॉक्टर आपल्याकडे भरपूर आहेत.

एमडीनंतरच्या जागांची नावं आत्ताच कानावर असू द्या. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत, म्हणजे आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एनआयईत, साथरोगशास्त्रावर भर असलेलं एमपीएच होतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतही सार्वजनिक आरोग्याचं चांगलं शिक्षण मिळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून दोन वर्षांचं एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिसचं प्रशिक्षण चालतं. तिथं वर्गात थोडं आणि प्रत्यक्ष साथीत जास्त, असा हिशेब असतो. संशोधन ज्यांना पूर्णवेळ करायचं आहे त्यांच्यासाठी इंडिया अलायन्सच्या क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधनाच्या फेलोशिप आहेत. परदेशी जायचं असेल तर अवश्य जा, पण हाताशी इथला एखादा धड प्रश्न घेऊन जा.

एमबीबीएसमध्येच हात घाला

आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप 1979 पासून चालू आहे. गाइडबरोबर छोटा प्रस्ताव पाठवायचा, निवड झाली की साधारण दोन महिन्यांत काम पुरं करून अहवाल द्यायचा. विषय लहान घ्या. ‘गोव्यातील डेंग्यूचा अभ्यास’ असं शीर्षक लिहिलं की काम बुडालंच समजा. ‘एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत तापाचा रुग्ण पहिल्या दिवशी कुठं जातो, सरकारी केंद्रात, खासगी डॉक्टरकडे की फार्मसीत’ हा विषय दोन महिन्यांत होतो आणि सरकारच्या उपयोगीही पडतो, कारण साथीची चाहूल उशिरा लागण्याचं कारण अनेकदा तिथंच सापडतं.

एनआयईचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स पीजीच्या विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. तुम्ही सक्तीची वाट न पाहता इंटर्नशिपमध्येच उरकून घ्या. एमबीबीएसला कुटुंबं दत्तक घ्यायचा जो कार्यक्रम आला आहे, तो बहुतेक जण सही-शिक्क्यापुरता करतात. तो मनापासून करा. तीच चार-पाच घरं वर्षानुवर्षं पाहिली की पावसाळ्यात ताप आधी कुणाला येतो आणि पाण्याची पिंपं कुठं ठेवलेली असतात, हे न शिकवता कळतं. इंटर्नशिपमध्ये मांदूरच्या ग्रामीण केंद्रात किंवा सांताक्रुझच्या शहरी केंद्रात पोस्टिंग लागलं तर पीजीच्या अभ्यासाची पुस्तकं खोलीवर ठेवून आरोग्य सेविकेबरोबर फिरा.

केसपेपरवरचा पत्ता नीट विचारायला शिका

माझ्या लेखी खरं प्रशिक्षण इथं सुरू होतं. ताप घेऊन आलेल्या माणसाचं वय, नाडी, रक्ताचा रिपोर्ट आपण मन लावून लिहितो आणि पत्ता व धंदा हे रकाने घाईत भरतो. साथरोगांत उत्तर पुष्कळदा त्या दोन रकान्यांत असतं.

मलेरिया घ्या. गोव्यात तो पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफिलिस स्टेफेन्सी. गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी, बांधकामावर साचवून ठेवलेलं स्वच्छ पाणी, असल्या जागी तो वाढतो. म्हणून इथला मलेरिया बांधकामांच्या मागं मागं चालत आला, आणि म्हणूनच बांधकाम मजुरांसाठी आरोग्य कार्ड आणि रक्ततपासणीचा नियम गोव्यात आला. आता समजा, पर्वरीच्या साइटवरचा एक तरुण मजूर व्हायवॅक्स या जातीचा मलेरिया घेऊन आला. पत्ता म्हणून त्यानं ठेकेदाराचं नाव सांगितलं आणि आपण तेच लिहिलं. इथं थांबायचं नाही. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. तेव्हा दोन आठवड्यांपूर्वी तो रात्री कुठं झोपत होता, हे विचारायचं. गावाहून कधी आला? मागं कधी असाच ताप आला होता का? तेव्हा गोळ्या किती दिवस घेतल्या?

या उत्तरांवर तीन शक्यता उभ्या राहतात. डास इथल्या साइटवर चावला असेल तर उद्या सकाळी टाक्या आणि स्लॅबवरचं पाणी तपासायला माणूस पाठवावा लागतो. तो गावाहूनच मलेरिया घेऊन आला असेल तर त्याच्याबरोबर आलेल्या सगळ्यांचं रक्त तपासावं लागतं. आणि व्हायवॅक्सचा जंतू यकृतात महिनोन्महिने दडून बसतो, त्यामुळं हा जुनाच मलेरिया उलटलेला असू शकतो. यकृतातला जंतू मारणाऱ्या प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स मागच्या वेळी अर्धवट सुटला असेल, तर आता आधी जीसिक्सपीडी, म्हणजे ज्याच्या कमतरतेत हे औषध रक्तपेशींना घातक ठरतं ते एन्झाइम, तपासून तो पुरा होतोय ना, हे पाहावं लागतं. रिपोर्ट एकच, पण काम तीन तऱ्हेचं. हा फरक ओपीडीत बसलेला डॉक्टरच करू शकतो, प्रयोगशाळेतून तो कळत नाही. कामावरून काढतील या भीतीनं माणूस खरं सांगत नाही, तेव्हा ठेकेदाराला बाहेर बसवून एकट्याशी बोला.

तुम्ही लिहिलेली ही माहिती पुढं देशाच्या रोग सर्वेक्षण यंत्रणेत जाते. आरोग्य सेविकेचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी फॉर्म आणि प्रयोगशाळेचा एल फॉर्म अशी तिची मांडणी 2004 पासून आहे आणि 2021 पासून देशभर ती आयएचआयपी या सरकारी आरोग्य माहिती पोर्टलवर रोजच्या रोज भरली जाते. तुमच्या केंद्रात हे कोण भरतं, त्या माणसाशेजारी चार दिवस बसून पाहा. कुठला आजार कुठल्या रकान्यात टाकला जातो हे कळलं की पुढं कुणाचेही आकडे वाचताना डोळे उघडे राहतात.

माकडतापावर हात बसवा

साथीचा तपास शिकायला गोव्यात यापेक्षा मोठी शाळा नाही. माकडतापाचा, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. अनेक दशकं तो त्या भागातच राहिला. मग 2012 नंतर पश्चिम घाटात इतरत्र दिसू लागला, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आला आणि 2016 मध्ये सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-बांदा भागात. गोचिडीच्या पिल्लांच्या चाव्यातून तो माणसाला होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. वानर आणि माकडं त्यानं मरतात, आणि मेलेल्या जनावराच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. ही पिल्लं कोरड्या दिवसांत जास्त असतात आणि नेमकं तेव्हाच सत्तरीतली माणसं काजूच्या बागायतीत असतात. बोंडू वेचायचे म्हणजे पाचोळ्यात वाकून हात घालायचा.

तपासाची पहिली गोष्ट म्हणजे रुग्णाची व्याख्या ठरवणं. अमुक तारखेनंतर, अमुक पंचायतींच्या हद्दीत राहणारा किंवा तिथं कामाला गेलेला, अचानक आलेला जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी असलेला माणूस तो संशयित. रक्तात विषाणू शोधणारी पीसीआर किंवा त्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह आलेला तो निश्चित. ही व्याख्या कागदावर लिहून भिंतीला लावा. एकदा ठरली की मधेच मनानं बदलू नका, बदललीच तर तारीख टाकून बदला.

दुसरी गोष्ट लाइन लिस्ट. एका माणसाला एक ओळ. रकाने मोजकेच: क्रमांक, वय, स्त्री-पुरुष, वाडा, धंदा, ताप कुठल्या दिवशी सुरू झाला, नमुना कधी घेतला, निकाल, दाखल की घरी, शेवट काय झाला. सगळ्यात मोलाचा रकाना म्हणजे ताप सुरू झाल्याची तारीख. लोक ती विसरतात. ‘आठ-दहा दिवस झाले असतील’ हे उत्तर घेऊ नका. ‘जत्रेच्या आधी की नंतर?’, ‘त्या आठवड्यात सहकारी सोसायटीत काजू विकायला घातली होती का?’ असं विचारलं की दिवस सापडतो. चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते आठ दिवस लागतात, म्हणून तारीख पक्की असेल तरच मागं जाऊन माणूस तेव्हा कुठं होता हे काढता येतं. नमुन्याच्या तारखेलाही असाच अर्थ आहे. पहिल्या काही दिवसांत पीसीआर उपयोगी, आयजीएम पुढं दिसू लागतं. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून माकडताप नाही असं लिहिणं चूक.

आता प्रश्न विचारण्याविषयी. छापील प्रश्नावलीत ‘गेल्या दोन आठवड्यांत जंगलात गेला होता का?’ असा प्रश्न असतो. सत्तरीतल्या मावशी सरळ ‘नाही’ म्हणतील, आणि खोटंही नसेल ते. त्यांच्या लेखी बागायत म्हणजे जंगल नव्हे, ती त्यांची रोजची कामाची जागा. म्हणून असं विचारा: ‘मावशी, काजू वेचायला कुठल्या बाजूला जाता? लाकडं कुठून आणता? गुरं कोण चारतं? गोठ्यात घालायला पाला कुठून आणला?’ मग एक एक जागा बाहेर येते. मेलेल्या माकडाचंही तसंच. ‘पाहिलंत का?’ पेक्षा ‘वास कुठं आला होता?’ या प्रश्नाला जास्त उत्तरं मिळतात.

यादी झाली की ताप सुरू झाल्याच्या तारखांचा आलेख काढा, वाडे नकाशावर मांडा, आणि मगच कारणाचा अंदाज बांधा. अंदाज आधी बांधून यादी नंतर करणारे खूप असतात, आणि त्यांना नेहमी स्वतःचंच म्हणणं खरं झालेलं दिसतं.

आकडेमोड, पण समजून

अंदाज तपासायची सोपी पद्धत म्हणजे केस-कंट्रोल, म्हणजे आजारी (केस) आणि आजारी नसलेल्या (कंट्रोल) माणसांच्या सवयींची तुलना. उदाहरण काल्पनिक घेतो. 40 निश्चित रुग्ण आहेत, त्यांतल्या 30 जणांनी सुका पाचोळा गोळा करून घराजवळ रचला होता. त्याच वाड्यांतले, ताप न आलेले 80 जण निवडले, त्यांतल्या 20 जणांनी तसं केलं होतं. तीस गुणिले साठ, भागिले दहा गुणिले वीस: ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर, येतो 9. संबंध जोरदार दिसतो. लगेच छापायला धावू नका. जे पाचोळा गोळा करतात तेच गुरंही चारत असतील तर खरं कारण कुठलं? ते वेगळं काढायला पुढचं विश्लेषण लागतं. आणि कंट्रोल कुठून घेतले हे सर्वांत महत्त्वाचं. सोयीसाठी गोमेकॉच्या हाडांच्या ओपीडीतले घेतले तर त्यांतले निम्मे बागायतीत कधी गेलेच नसतील आणि उत्तर आपोआप फुगेल.

गोव्यात भाजकाचा, म्हणजे दर काढताना खाली घ्यायच्या लोकसंख्येचा घोळ वेगळाच आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 14,58,545 होती. त्यात आज साइटवर राहणारा मजूर धरलेला नाही, हंगामी पर्यटक नाही, आणि बांबोळीला उपचारासाठी येणारा सिंधुदुर्गातला किंवा कारवारचा रुग्ण तर नाहीच. बांबोळीतले सगळे रुग्ण वर आणि गोव्याची लोकसंख्या खाली ठेवून काढलेला दर चुकीचा येणार. रुग्णाचं राहतं गाव पाहून आधी गाळा, मजुरांचा आकडा हवा असेल तर आरोग्य कार्डांच्या नोंदींपासून सुरुवात करा.

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. आकड्यांसाठी आर आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस दोन्ही फुकट आहेत. रोज अर्धा तास, स्वतःच्या केंद्राच्या आकड्यांवर. दुसऱ्याच्या नमुना फाइलींवर शिकलेलं टिकत नाही.

काम नीट झालं की काय होतं, हे पाहायला रेबीज पाहा. मिशन रेबीज या संस्थेनं सरकारबरोबर गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चालवली. कुठली गल्ली झाली, कुठली राहिली, हे पथकं मोबाइल ॲपवर नोंदवत गेली. सरकारी नोंदी, पशुवैद्य आणि डॉक्टर एकत्र आले आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. माणसाचा आजार कुत्र्याला लस देऊन आटोक्यात आणायचा, तर मोजणी जनावरांपासूनच सुरू करावी लागते.

संमती आणि लोकांची अब्रू

साथ चालू असताना सरकारी काम म्हणून केलेला तपास आणि संशोधन म्हणून केलेला अभ्यास यांतली रेघ ओळखा. संशोधन असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, एकही प्रश्न विचारण्यापूर्वी. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा, आणीबाणी आणि आपत्तीच्या काळातल्या संशोधनावर त्यांत वेगळं प्रकरण आहे.

संमतीपत्र भाषेचा विचार करून लिहा. सत्तरी, डिचोली, पेडण्यात बोलणं कोकणीत होतं, पण वाचायला मराठी सोपी जाते. सासष्टीत रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी लागेल. मजुरांसाठी कन्नड, हिंदी, ओडिया, बंगाली. माणसाला कळलं नसेल तर खालचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

आणि नकाशावर घराघरावर ठिपके देऊन तो कुठंही छापू नका. जून 2020 मध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर कोरोना पसरला तेव्हा त्या वस्तीचं नाव रोज बातम्यांत येत होतं. आपल्या वस्तीचं नाव आजाराशी जोडलं जाणं तिथल्या माणसांना किती जड जातं, हे गोव्यातल्या संशोधकानं कायम ध्यानात ठेवावं. पुढच्या वेळी ताप लपवला जातो तो यामुळंच.

गाइड, पैसा आणि घर

गाइड निवडताना त्यांच्या नावावर किती पेपर आहेत हे शेवटी पाहा. विद्यार्थ्याबरोबर ते फील्डवर जातात का, पेपरवर विद्यार्थ्याचं नाव कुठं टाकतात, कच्चा मसुदा किती दिवसांत परत देतात, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. शक्य असेल तर संख्याशास्त्रासाठी दुसरा गाइड घ्या, आणि अभ्यास सुरू होण्याआधी घ्या. माहिती गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे गेलात तर तो फक्त काय बिघडलं एवढं सांगू शकतो.

पैशाचं स्पष्ट बोलावं. बरोबरीचे मित्र म्हापशाला, मडगावला प्रॅक्टिस थाटतील तेव्हा तुम्ही फेलोशिपवर असाल. घरचे विचारतील, आणि त्यांचं विचारणं गैर नाही. त्यांना आधीच वर्षांचा हिशेब मांडून दाखवा. सरकारी आरोग्य सेवेत राहून संशोधन करणं हा आपल्याकडचा सगळ्यात टिकाऊ मार्ग आहे, असं मला मनापासून वाटतं: पगार चालू राहतो, फील्ड हातचं राहतं आणि निष्कर्ष अमलात आणायचा अधिकारही थोडाफार असतो.

कॅलेंडर पाहून काम आखा

आजारांचे हंगाम ठरलेले आहेत, त्यामुळं उलटं मोजत यावं लागतं. डेंग्यू किंवा लेप्टोस्पायरोसिसवर काम करायचं तर पाऊस जूनमध्ये येणार, म्हणजे प्रस्ताव फेब्रुवारीच्या आत कमिटीकडे हवा. माकडतापाचे रुग्ण साधारण जानेवारी ते मे या काळात येतात. त्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये प्रस्ताव लिहा, सप्टेंबरात मंजुरीला द्या, चतुर्थीच्या सुट्टीत कमिटीची बैठक होणार नाही हे गृहीत धरा. ऑक्टोबरात वाळपईच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि सेविकांना भेटून नमुने कसे पाठवले जातात ते समजून घ्या. मागच्या वर्षी कुणी अभ्यास करून गेलं असेल तर त्याचे निष्कर्ष केंद्राला परत मिळाले का, तेही विचारा. मिळाले नसतील तर तुमचा अहवाल पेपरच्या आधी केंद्राला आणि पंचायतीला मिळेल असा शब्द द्या आणि प्रस्तावात तो लिहून टाका. नोव्हेंबरच्या शेवटी छापील प्रश्नावली घेऊन चार घरी जाऊन या, आणि जे प्रश्न लोकांना कळले नाहीत ते त्याच रात्री बदला.